रक्तवाहिन्यांचे 'अनियमन' की 'दुर्नियमन'?

'रक्तवाहिन्यांच्या अनियमनामुळे डोळ्याची नस सुकते' असे वाक्य एका वाचकांना आरोग्यविषयक लेखात आढळले. 'व्हॅस्क्युलर डिसरेग्युलेशन' या संज्ञेसाठी 'अनियमन' हा शब्द योग्य आहे का, असे त्यांनी विचारले आहे. व्याकरणाच्या दृष्टीने त्यात चूक नाही. अर्थाच्या दृष्टीने मात्र तो मला पटत नाही, आणि त्याच वाक्यातील 'नस' हा शब्द तर त्याहून अधिक घोटाळा करतो.

'नियमन' या शब्दात 'यम्' हा धातू आहे. आवरणे, लगाम धरणे हा त्याचा अर्थ. सारथ्याला 'यन्ता' म्हणतात तो याच धातूवरून. लगाम नुसता ओढून धरायचा नसतो, तो वेळ पाहून सैलही सोडावा लागतो, आणि निरोगी रक्तवाहिनी नेमके हेच करते. डोळ्यासमोर लुकलुकता प्रकाश धरला की दृष्टिपटलाची, म्हणजे डोळ्याच्या आतल्या प्रकाश टिपणाऱ्या पडद्याची, रक्ताची गरज वाढते आणि तेथील रक्तवाहिन्या रुंदावतात. या रक्तवाहिन्यांना स्वायत्त चेतासंस्थेचे (आपोआप चालणाऱ्या मज्जासंस्थेचे) धागे पोहोचत नसल्यामुळे हा निर्णय जागच्या जागीच होतो: वाहिनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटले की ती सैलावते, एन्डोथेलिन सुटले की आवळते.

आता बिघाड कोणता, ते पाहू. या विकारात नियमन थांबलेले नसते, ते चुकीचे होत असते. थंडी किंवा मानसिक ताण एवढ्याशा निमित्ताने वाहिनी प्रमाणाबाहेर आवळते, किंवा रुंदावायला हवे तेव्हा रुंदावत नाही. 'अ' हा उपसर्ग अभाव सांगतो, त्यामुळे 'अनियमन' म्हणजे नियमनच नाही, असा अर्थ होतो. शिवाय 'अनियमितता' म्हटले की आपल्याला आधी लेखापरीक्षणाचा अहवाल आठवतो, ते वेगळेच. 'दुर्वर्तन' या शब्दात वर्तन असते, पण वाईट असते. त्याच धर्तीवर 'दुर्नियमन' हा शब्द नेमका बसतो. संधीसाठी 'दुर्निवार' समोर आहेच. ग्रीक 'डिस' आणि संस्कृत 'दुस्' हे एकाच मुळातून आलेले सगोत्र उपसर्ग आहेत, त्यामुळे हा प्रतिशब्द केवळ अर्थानेच नव्हे, तर वंशानेही मूळ संज्ञेच्या जवळचा ठरतो.

'नस' या शब्दाची अडचण मात्र व्यवहारातली आहे. माझ्या मावशींना नेत्रतज्ज्ञांनी 'डोळ्याची नस सुकत चालली आहे' असे सांगितले, तेव्हा घरी येऊन त्यांनी हाताच्या पाठीवरची टरारलेली शीर मला दाखवली आणि 'ही बघ, हिला कुठे काय झालंय?' असे विचारले. बोलीत 'नस' म्हणजे रक्तवाहिनीही आणि चेता, म्हणजे 'नर्व्ह'ही. डॉक्टरांना अभिप्रेत होती ती दृष्टिचेता, म्हणजे दृष्टिपटलाकडून मेंदूकडे संदेश नेणारी दोरी. वाचकांच्या वाक्यात एकीचा दोष हे कारण आहे आणि दुसरीची झीज हा परिणाम. तेथे 'नस' वापरल्यास कोणामुळे कोणाचे नुकसान झाले, हेच कळेनासे होते.

हा फरक काचबिंदूच्या, म्हणजे दृष्टिचेता झिजवणाऱ्या विकाराच्या, बाबतीत विशेष महत्त्वाचा ठरतो. डोळ्यातील दाब साधारण १० ते २१ मिलिमीटर पारा असला, तर तो सामान्य समजतात. पण दाब सामान्य असूनही काहींची दृष्टिचेता झिजत जाते. डोळ्याला रक्त मिळते ते रक्तदाबाच्या जोरावर आणि डोळ्यातील दाबाचा विरोध मोडून, त्यामुळे रात्री झोपेत रक्तदाब फार उतरला आणि वाहिन्यांनी ती तूट भरून काढली नाही, तर डोळ्यातील दाब न वाढताही चेतेची उपासमार होते. (दोन्हींना सरसकट 'प्रेशर' म्हणण्याची सवय आहे, तो गोंधळ 'नस'चाच भाऊ.) स्वित्झर्लंडमधील बाझल येथील नेत्रतज्ज्ञ योसेफ फ्लामर यांचे नाव मिळालेल्या लक्षणसमूहात हे दुर्नियमन मुळाशी असते: हातपाय गार पडणे, रक्तदाब कमी असणे, तहान कमी लागणे, झोप लवकर न लागणे. संधिवातासारख्या दुसऱ्या आजारामुळे उद्भवते त्याला 'दुय्यम दुर्नियमन' म्हणावे.

तेव्हा ते वाक्य मी असे लिहीन: 'रक्तवाहिन्यांच्या दुर्नियमनामुळे दृष्टिचेतेची झीज होऊ शकते.' मावशींना सांगताना मात्र 'दुर्नियमन' न म्हणता, डोळ्यातल्या रक्तवाहिन्या गरजेप्रमाणे सैल होत नाहीत, एवढेच सांगितले.