फांदीवर बूड का घासतात? छोट्या माकडांच्या वासाबद्दल तुमचे प्रश्न

मार्मोसेट आणि टॅमरिन ही मध्य व दक्षिण अमेरिकेतली चिमुकली माकडं. पिग्मी मार्मोसेट जेमतेम 120 ग्रॅमचं, साधं मार्मोसेट 300-350 ग्रॅमचं आणि बहुतेक टॅमरिन अर्ध्या किलोच्या आसपास. ती वासातून एकमेकांशी कशी 'बोलतात' यावर लिहिल्यापासून बरेच प्रश्न आले. त्यातले निवडक घेतो आहे.

प्रश्न : एका माहितीपटात टॅमरिन फांदीवर बूड घासताना दाखवलं होतं. निवेदक म्हणाला, 'हा नर आपली हद्द आखतो आहे.' म्हणजे कुत्रा खांबावर करतो तसंच ना?

त्या एका वाक्यात दोन चुका असण्याची शक्यता आहे. पहिली नराची. या कुळात अनेकदा मादीच्या गंधग्रंथी नरापेक्षा मोठ्या असतात आणि खुणाही तीच जास्त करते.

दुसरी चूक हद्दीची, आणि ती आपल्या डोक्यात फार घट्ट बसली आहे. हद्द आखायची असेल, तर खुणा काठावर जास्त सापडायला हव्यात. एकहार्ड हायमान या जर्मन संशोधकाने पेरूच्या जंगलात मिशाळ टॅमरिनच्या टोळ्यांमागे फिरून खुणा कुठे होतात ते नोंदवलं. 2000 साली त्याने निष्कर्ष छापला तो असा, की खुणांच्या मांडणीत हद्दीच्या कामाचा पुरावा नाही. खुणा काठाशी दाटलेल्या नव्हत्या.

दोन टोळ्या समोरासमोर आल्या की खुणांना ऊत येतो, हे मात्र खरं. ब्राझीलमधल्या साध्या मार्मोसेटमध्ये ते दिसलं आहे. पण ती गाठभेट निव्वळ भांडणाची नसते. एकीकडे आरडाओरडा आणि पाठलाग चाललेला असतो, आणि त्याच गोंधळात शेजारच्या टोळीतल्या नर-मादीचं चोरून जमतंही. अशा वेळी मादीने फांदीवर सोडलेला वास 'चालते व्हा' असं सांगतो की 'मी इथे आहे, आणि माझं असं असं चाललं आहे' असं? मला दुसरा अर्थ जास्त पटतो. 'चालते व्हा' म्हणायला त्यांच्याकडे लांबवर जाणाऱ्या हाका आहेत.

प्रश्न : नेमकं काय घासतात? लघवी की आणखी काही?

दोन्ही, आणि बरंच काही. ग्रंथींच्या जागा तीन: गुद आणि जननेंद्रियाभोवती, जननेंद्रियाच्या थोडं वर ओटीपोटाच्या खाली, आणि छातीच्या मध्यावर. त्यानुसार पवित्रेही तीन. फांदीवर बसून मागेपुढे घासणं सगळ्यात जास्त दिसतं. पालथं पडून पोटाचा खालचा भाग ओढत नेणं दुसरं, छाती घासणं तिसरं. ग्रंथींच्या तेलकट स्रावात लघवीचे थेंब आणि मादीच्या बाबतीत योनीतला स्रावही मिसळतो.

गिझेला एप्पल या बाईंनी फिलाडेल्फियाच्या मोनेल या वास-चवीवर संशोधन करणाऱ्या संस्थेत खोगिरी टॅमरिनवर वर्षानुवर्षं काम केलं. (इंग्रजीत त्याला 'सॅडलबॅक' म्हणतात, म्हणजे पाठीवर खोगीर असलेलं.) या खोगिरी टॅमरिनच्या खुणेतल्या उडून जाणाऱ्या द्रव्यांचं पृथक्करण 1970च्या दशकात झालं. त्यात मुख्य द्रव्यं सोळा निघाली: एक स्क्वालीन आणि पंधरा ब्युटिरिक आम्लाची एस्टर, म्हणजे आम्ल आणि अल्कोहोल जोडून बनणारी द्रव्यं. ब्युटिरिक आम्ल म्हणजे खवट लोण्याच्या वासातलं, आणि स्क्वालीन तर आपल्याही त्वचेच्या तेलात असतं. म्हणजे घटक काही अद्भुत नाहीत. गंमत प्रमाणात आहे. तीच द्रव्यं कमी-अधिक मिसळली की वेगळं माकड. एप्पलबाई दोन माकडांच्या खुणा असलेल्या वस्तू तिसऱ्यासमोर ठेवत आणि ते कुठे जास्त हुंगतं, कुठे स्वतःची खूण करतं ते मोजत. खूण कोणत्या जातीच्या माकडाची, नराची की मादीची, आणि नेमकी कुणाची, हे माकडांना नुसत्या वासावरून कळत होतं.

प्रश्न : टोळीतली मुख्य मादी आपल्या वासाने बाकीच्या माद्यांना वांझ करते असं वाचलं. हे खरं की अतिशयोक्ती?

'वांझ' हा शब्द चुकीचा, बाकी गोष्टीत तथ्य आहे.

या माकडांना बहुधा जुळी होतात आणि जन्मतःच ती आईच्या मानाने बरीच जड असतात. एकट्या आईला ते झेपत नाही. बाप, थोरली भावंडं, टोळीतले इतर, सगळे पाळीपाळीने पिल्लं पाठीवर वागवतात. हात मोजके असताना एकाच वेळी दोन बाळंतिणी टोळीला परवडत नाहीत. म्हणून सहसा एकच मादी विते आणि बाकीच्यांमध्ये स्त्रीबीज पक्व होऊन सुटण्याची क्रियाच थांबलेली असते. थांबलेली, संपलेली नव्हे. मार्मोसेटच्या दुय्यम मादीला टोळीतून काढून वेगळं ठेवलं, की थोड्याच दिवसांत स्त्रीबीज सुटण्याचं चक्र सुरू होतं.

आता वासाचा भाग. अ‍ॅन सॅव्हेज, टोनी झिग्लर आणि चार्ल्स स्नोडन यांनी 1988 साली पांढऱ्या तुऱ्याच्या कॉटन-टॉप टॅमरिनवरचा प्रयोग छापला. वयात आलेल्या मुलीला कुटुंबातून काढून नव्या नराबरोबर ठेवलं की तिचं चक्र लवकर सुरू होतं. पण तिच्या माहेरच्या खुणांचा वास त्या नव्या पिंजऱ्यात नेत राहिलं, तर ते लांबतं. पुढे 1990 मध्ये साध्या मार्मोसेटवरही तसंच आढळलं: जुन्या टोळीतल्या वरचढ मादीचा वास येत राहिला की वेगळ्या केलेल्या मादीचं चक्र उशिरा सुरू होतं.

उशिरा, पण सुरू होतंच. माझ्या मते या सगळ्यातली कळीची गोष्ट ही आहे. नुसता वास दडपण थोडं ताणू शकतो, कायम टिकवू शकत नाही. त्यासाठी ती वरचढ मादी स्वतः डोळ्यांसमोर वावरावी लागते. शिवाय पिंजऱ्यातल्या कुटुंबांत आईसमोर राहूनही काही मुलींचं चक्र चालू असतं. त्यांना गर्भ राहत नाही, कारण घरात बाप आणि भाऊ सोडून नर नसतो. बाहेरचा नर आला की चित्र पालटतं. जंगलात अधूनमधून एकाच टोळीत दोन माद्या व्यालेल्या सापडतात.

आणखी एक समज इथेच खोडतो. दबलेली मादी सतत तणावात असते, असं सर्रास लिहिलं जातं. साध्या मार्मोसेटमध्ये तपासलं तेव्हा दुय्यम मादीच्या रक्तात कॉर्टिसोल, म्हणजे तणावाशी जोडलं जाणारं संप्रेरक, वरचढ मादीपेक्षा कमी निघालं. सासुरवासाची उपमा मीही पूर्वी एका भाषणात दिली होती. ती मागे घेतो.

प्रश्न : मादीचे गर्भ राहण्याचे दिवस नराला वासावरून कळतात का? बाहेरून तर काहीच दिसत नाही.

कळतात. या माद्यांच्या अंगावर बबून माद्यांसारखी सूज येत नाही, म्हणून पूर्वी 'लपलेले दिवस' असं म्हणत. ते आपल्यापासून लपलेले होते. साध्या मार्मोसेटच्या नराला स्त्रीबीज सुटण्याच्या सुमाराचा अनोळखी मादीचा वास दिला, तर अर्ध्या तासात त्याच्या रक्तातलं टेस्टोस्टेरॉन, म्हणजे नराचं लैंगिक संप्रेरक, चढतं. मेंदूचा कोणता भाग कामात आहे ते दाखवणाऱ्या एफएमआरआय यंत्रात जागेपणी ठेवलेल्या नरांच्या मेंदूत, संप्रेरकांवर ताबा ठेवणाऱ्या हायपोथॅलॅमसच्या पुढच्या भागात, या वासाने हालचाल वाढलेली दिसली.

यापुढची गोष्ट मला स्वतःला सर्वात आवडते. पिल्लं असलेल्या बापांना तोच वास दिला, तर टेस्टोस्टेरॉन जागचं हलत नाही. उलट स्वतःच्या पिल्लाचा वास दिला, तर वीस मिनिटांत ते खाली येतं. तोच वास, तीच जात, पण हुंगणारा कोणत्या अवस्थेत आहे यावर परिणाम ठरतो. 'फेरोमोन', म्हणजे आपल्याच जातीच्या प्राण्याला संदेश देणारं गंधद्रव्य, म्हटलं की कळ दाबली आणि दिवा लागला असं आपल्याला वाटतं. पतंगाच्या नराबाबत ते बरंचसं खरं आहे. माकडाबाबत नाही.

प्रश्न : मग 'फेरोमोन' असलेली अत्तरं माणसांवर चालतात का?

नाही. पैसे वाचवा.

प्रश्न : मी प्राणिसंग्रहालयात मार्मोसेटची देखभाल करते. आम्ही रोज सगळ्या फांद्या जंतुनाशकाने धुतो. धुऊन झालं की ती वेड्यासारखी पुन्हा घासत सुटतात. आमचं काही चुकतंय का?

चुकतंय ते 'सगळ्या' या शब्दात. तुमच्या दृष्टीने ती घाण, त्यांच्या दृष्टीने घरची ओळख. ती एका सकाळी पुसली गेली की पुन्हा उभी करण्याची धांदल होते. फांद्या दोन भागांत वाटा आणि आलटून पालटून धुवा. झोपण्याची पेटी आणि फांद्या एकाच दिवशी धुऊ नका. खाण्याची भांडी आणि जमीन मात्र रोज स्वच्छ हवीच, तिथे तडजोड नको. उग्र वासाचं जंतुनाशक वापरलंच तर भरपूर पाण्याने धुऊन टाका. फार जुनी लाकडं धुण्यापेक्षा थोडीथोडी बदललेली बरी.

दोन नवी माकडं एकत्र आणायची असतील, तर भेटीआधी काही दिवस त्यांच्या खुणा लागलेल्या फांद्यांची अदलाबदल करून पाहा. प्रत्यक्ष भेटीत भांडण होणारच नाही याची हमी नाही, पण निदान अगदीच परका समोर येत नाही.

प्रश्न : सगळीच माकडं अशी वासावर चालतात का?

नाही. आफ्रिका-आशियातली माकडं, चिंपांझी-गोरिलासारखे कपी आणि आपण यांनी ही वाट बरीचशी सोडली. नाकाच्या पडद्यात तळाशी जेकबसनचं इंद्रिय असतं, जड रेणू हुंगायला-चाटायला उपयोगी. मार्मोसेट-टॅमरिनमध्ये ते चालू आहे. ते चालायला लागणारं टीआरपीसी-2 नावाचं जनुक मात्र आपल्या शाखेत मोडीत निघालं आहे. हे सुमारे 2.5 कोटी वर्षांपूर्वी घडलं असावं, असा अंदाज 2003 साली मांडला गेला. तीन रंगांची दृष्टी आली आणि नाकाची गरज घटली, हे त्यावरचं नेहमीचं स्पष्टीकरण. सुटसुटीत आहे, पण मला थोडं जास्तच सुटसुटीत वाटतं. कारण मँड्रिल हे आफ्रिकेतलं सगळ्यात भडक रंगाचं माकड, तरी त्याच्या छातीवर गंधग्रंथी आहे आणि तो ती झाडाला घासतो. आणि मथायस लास्का या संशोधकाने अमेरिकेतल्या स्क्विरल मंकीचं नाक तपासलं, तेव्हा काही वासांना ते उंदरापेक्षाही तीक्ष्ण निघालं.

कॅप्युचिन माकड हातावर लघवी करून ती तळव्यांना-पायांना चोळतं, तीही याच धर्तीची गोष्ट.

प्रश्न : घरी मार्मोसेट पाळायचं आहे. ग्रंथी काढून टाकल्या किंवा रोज आंघोळ घातली तर घासणं थांबेल का?

थांबणार नाही. रोजच्या आंघोळीने वाढेल, का ते वर आलंच आहे. ग्रंथी काढणं म्हणजे निरोगी प्राण्याला त्याच्या जातभाईंपुढे मुका करणं. आणि एकट्या मार्मोसेटला घरात ठेवलंत, तर पडदे, सोफा, तुमची मान, जिथे जमेल तिथे ते खुणा करत राहील, आणि त्या वाचणारं घरात कुणीच नसेल. पाळू नका.