सोडवण्याआधी समीकरण वाचायला शिकवा

(गणित शिकताना आणि शिकवताना पडलेल्या प्रश्नांना नाशिकच्या एका महाविद्यालयातून निवृत्त झालेल्या प्राध्यापिका या सदरात उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. या जूनपासून मी एस.वाय.बीएस्सी.ला डिफरन्शियल इक्वेशन्स (बदलाचा वेग सांगणारी समीकरणं) शिकवते आहे. शिकवण्याचं माझं हे पहिलंच वर्ष. मुलं समीकरणाचा प्रकार ओळखतात, रीत लावतात, उत्तर काढतात. पण ‘हे समीकरण सांगतंय काय?’ असं विचारलं की वर्ग चिडीचूप. निम्मी मुलं पेठ, सुरगाणा, दिंडोरी, निफाडकडून येतात, मराठी माध्यमातून शिकलेली. पोर्शन मोठा आणि तास मोजके. सुरुवात कुठून करू?
— एक प्राध्यापिका, नाशिक रोड

उत्तर : तुमचं पत्र वाचलं आणि माझ्या दुसऱ्या वर्षाच्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा डोळ्यांसमोर आला. प्रश्न सहा गुणांचा होता. चहा ८० अंशांवर आहे, खोली २५ अंशांवर. ५ मिनिटांत चहा ६० अंशांवर आला, तर आणखी ५ मिनिटांनी किती? एका मुलाने पायऱ्या सुरेख मांडल्या होत्या. घातांकाचं चिन्ह तेवढं शेवटी चुकलं, आणि त्याने १६१ अंश हे उत्तर काढून त्याभोवती पट्टीने चौकट आखली. बशीत ठेवून दिलेला चहा दहा मिनिटांनी उकळत्या पाण्याहून गरम! मी चिन्हाचा एक गुण कापला आणि पाच दिले. ते पाच गुण मला अजून बोचतात. त्या मुलाला रीत येत होती, पण आपण चहाबद्दल बोलतोय हे त्याच्या गावीही नव्हतं, आणि ते त्याला सांगणं माझं काम होतं. (बरोबर उत्तर ४७ अंशांच्या जरा वर येतं.)

पुढच्या वर्षापासून पहिला आठवडा मी एकही समीकरण सोडवलं नाही. फक्त वाचायला लावलं, तेही मराठीत. आपल्या भाषेत ‘जितका-तितका’ ही जोडी आहे, तिचा भरपूर उपयोग करा. ‘चहा भोवतालापेक्षा जितका जास्त गरम, तितका तो झरझर निवतो.’ हे न्यूटनचं समीकरण झालं. ‘जितका-तितका’ म्हणजे समप्रमाण, ‘झरझर’ म्हणजे डीटी बाय डीटी, म्हणजे तापमान बदलण्याचा वेग, आणि ‘निवतो’ या क्रियापदात वजा चिन्ह आलं. मुलांना प्रत्येक समीकरणाखाली असं एक वाक्य लिहायला सांगा, आणि वाक्य नसेल तर पुढे जाऊ देऊ नका. परीक्षेतली उत्तरं इंग्रजीत लिहायची असली तरी समजून घेण्याची भाषा आपली असायला काय हरकत आहे? मी या कोपऱ्यातही समीकरणं मुद्दाम शब्दांतच लिहिते.

राहिला तो ‘के’, म्हणजे समप्रमाणाचं समीकरण करताना येणारा गुणक. सगळ्या पुस्तकांत तो ‘स्थिरांक’ म्हणून येतो आणि मुलं त्याच्याकडे बघतही नाहीत. मला त्याचा अर्थ निफाड तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने शिकवला. तिच्या घरी बेदाण्याची शेड होती. मी फळ्यावर वाळण्याचं समीकरण लिहीत होते : मण्यात जितकं पाणी उरलंय, तितक्या वेगाने ते उडतं. ती एकदम म्हणाली, “मॅडम, मग डिपिंग केलं की के वाढतो.” वर्गातल्या बाकीच्यांना कळेना. तेव्हा तिने उभं राहून सांगितलं की द्राक्षाच्या सालीवर मेणाचा थर असतो, पाणी त्यातून लवकर सुटत नाही. म्हणून घड आधी पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुचकळून काढतात. मेणाला बारीक भेगा पडतात आणि माल कितीतरी दिवस आधी तयार होतो. मणी तोच, पाणी तेवढंच, फक्त वाट मोकळी झाली. त्या दिवसापासून ‘के’ म्हणजे ‘वाट किती मोकळी आहे’ असंच मी शिकवत आले. चहाला बशी मिळाली की के वाढतो, थर्मासात घातला की कमी होतो. त्याच तासाला आम्ही हेही मांडलं की १०० किलो द्राक्षांत ८० किलो पाणी धरलं आणि बेदाण्यात १५ टक्के ओलावा ठेवला, तर हाती साडेतेवीस किलो माल येतो. ती मान डोलावत होती. घरी चार किलोला एक किलो असाच हिशेब धरतात म्हणाली.

दुसरं म्हणजे चित्र काढा. ठिपक्यांची रांगोळी सगळ्यांना ठाऊक असते. आलेख कागदावर ठिपके मांडा, प्रत्येक ठिपक्यावर समीकरण सांगेल त्या उताराची छोटी रेघ ओढा, आणि मग एका ठिपक्यापासून रेघांच्या कलाने हात फिरवत न्या. उत्तर कागदावर उमटलेलं असतं, अजून एकही संकलन केलेलं नसतं. १६१ अंश लिहिणाऱ्या मुलाने हे एकदा केलं असतं तर रेघा खाली झुकताहेत हे त्याला दिसलं असतं.

तिसरं, एक बरणी वर्गात न्या. सरळ उभ्या भिंतींची प्लास्टिकची बरणी, तळाशी तापवलेल्या दाभणाने पाडलेलं भोक, बाहेरून चिकटवलेली कागदी पट्टी. २० सेंटिमीटरपर्यंत पाणी भरा, खाली बादली ठेवा, भोकावर बोट. बोट काढायच्या आधी विचारा : पूर्ण रिकामी व्हायला जेवढा वेळ लागेल, त्याच्या निम्म्या वेळात पाणी कुठवर आलेलं असेल? बहुतेक जण १० म्हणतात. येतं ५. गॅलिलिओचा शिष्य टॉरिसेली याने १६४४ मध्ये मांडलं की भोकातून पाणी सुटण्याचा वेग उंचीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. त्यावरून समीकरण लिहिलं की उंचीचं वर्गमूळ ठरावीक गतीने उतरत जातं, आणि वर्गमूळ निम्मं म्हणजे उंची पाव. घड्याळ लावून मुलांनाच मोजू द्या. शेवटचा अर्धा सेंटिमीटर धार तुटून थेंबथेंब पडतो, तिथे समीकरण लागू राहत नाही. तेही लपवू नका. समीकरण कुठवर खरं, हे सांगणं शिकवण्याचाच भाग आहे.

लोकसंख्येचा धडा आपल्याच शहरावर घ्या. नाशिक महापालिका हद्दीत २००१च्या जनगणनेत सुमारे १० लाख ७७ हजार माणसं होती, २०११ मध्ये १४ लाख ८६ हजार. दहा वर्षांत १.३८ पट. माल्थसने १७९८ मध्ये मांडलेल्या घातांकी वाढीने पुढे गेलं तर २१११ साली पावणेचार कोटींच्या आसपास आकडा येतो. आकडा फळ्यावर आला की मागच्या बाकावरून कोणीतरी विचारतंच, “मॅडम, गंगापूर धरणाचं पाणी पुरेल का?” तिथे थांबा. वाढीला आवर घालणारं पद समीकरणात कसं घालायचं ते मुलांनाच सुचवू द्या. दोन-तीन चुकीच्या सूचनांनंतर ‘एक वजा लोकसंख्या भागिले मर्यादा’ हे पद वर्गातूनच येतं. मग सांगा की बेल्जियमच्या व्हेरहुल्स्टने १८३८ मध्ये हेच केलं होतं.

पोर्शनचं म्हणाल तर पेपर विद्यापीठाचा, काही गाळता येत नाही, पण वेळ कुठे द्यायचा ते आपल्या हातात असतं. एक्झॅक्ट नसलेल्या समीकरणांचे इंटिग्रेटिंग फॅक्टरचे नियम दोन तासांत उरका, सरावाला घरी द्या. ‘एक भागिले एफ ऑफ डी’च्या क्लृप्त्याही तशाच. त्या परीक्षेपुरत्या येतात आणि दिवाळीपर्यंत विसरतात. वाचलेले सगळे तास स्थिर सहगुणकांच्या दुसऱ्या कोटीच्या समीकरणाला द्या. ते का, हे खाली अंबडच्या गॅरेजवाल्यांना दिलेल्या उत्तरात वाचा.

प्रश्न : मॅडम, एकमेवत्वाचं प्रमेय आम्ही सिद्धतेसकट पाठ करतो. समीकरण दिलं, सुरुवातीची किंमत दिली, की उत्तर एकच असणार हे उघड नाही का? मग सिद्ध कशाला करायचं?
— एस.वाय.ची विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : उघड नाही गं. वरच्या उत्तरातली बरणी घे. तू वर्गात आलीस आणि बरणीत १२ सेंटिमीटर पाणी दिसलं, तर पाच मिनिटांपूर्वी किती होतं ते तू हिशेबाने सांगशील. पण बरणी रिकामीच दिसली तर? ती आत्ता रिकामी झाली, सकाळी झाली की काल, कसं सांगणार? समीकरण तेच, आत्ताची उंची शून्य, आणि मागचे इतिहास हवे तितके. उत्तर एकच असण्याची खात्री इथे गेली.

गेली कशामुळे, ते लिपशिट्झच्या अटीत आहे. ०.०१चं वर्गमूळ ०.१, म्हणजे त्याच्या १० पट. ०.०००१चं वर्गमूळ ०.०१, म्हणजे १०० पट. शून्याच्या जितकं जवळ जाशील तितकी ही पट वाढतच जाते, तिला कुठलीच मर्यादा घालता येत नाही. अट नेमकी ही मर्यादा मागते. चहाच्या समीकरणात पट कायम के एवढीच राहते, म्हणून चहाचा आत्ताचा आकडा त्याचा मागचा आणि पुढचा सगळा हिशेब सांगतो. सिद्धता वाचताना प्रत्येक ओळीपाशी विचार, ‘ही ओळ बरणीला लागू होते का?’ जिथे ‘नाही’ येईल त्या ओळीखाली रेघ मार. पाठ करायची वेळ येणार नाही.

प्रश्न : माझं अंबडला दुचाकीचं गॅरेज आहे. मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याच्या वहीत ‘डॅम्पिंग’ हा शब्द दिसला, बाजूला नागमोडी रेघा. याचा आमच्या शॉकअपशी काही संबंध आहे का?
— एक वाचक, अंबड

उत्तर : तेच आहे ते. गाडीचं वजन, स्प्रिंगचा ताठपणा आणि शॉकअपमधलं तेल, या तिघांचं मिळून एक समीकरण होतं (पहिल्या उत्तरात म्हटलेलं दुसऱ्या कोटीचं), आणि ते शेवटी दहावीतल्या वर्गसमीकरणावर येतं. त्यात ‘बी वर्ग वजा चार एसी’ असतं ना, तिथे ‘बी’ म्हणजे तेलाचा विरोध, ‘ए’ म्हणजे वजन, ‘सी’ म्हणजे स्प्रिंग. उत्तर ऋण आलं तर गाडी खड्ड्यानंतर वर-खाली हेलकावत शांत होते. धन आलं तर न हेलकावता, पण रेंगाळत जागेवर येते. बरोबर शून्य असेल तर न हेलकावता सगळ्यात लवकर. वहीतल्या नागमोडी रेघा पहिल्या प्रकारच्या आहेत. गाड्यांचे शॉकअप मुद्दाम पहिल्या प्रकारातच, पण शून्याकडे झुकते ठेवतात, म्हणजे बसणाऱ्याला दणका कमी बसतो आणि हेलकावाही लगेच विरतो.

ऑइल सील फाटून तेल गळालं की ‘बी’ घटतो आणि गाडी उड्या मारायला लागते, हे तुम्ही माझ्याहून चांगलं जाणता. मुलाला एक दिवस गॅरेजवर थांबवा. सील गेलेली एक गाडी आणि नवा शॉकअप बसवलेली दुसरी, दोन्हींची सीट दाबून सोडा, आणि प्रत्येक गाडी शांत व्हायच्या आधी किती वेळा वर-खाली होते ते त्याला मोजायला सांगा. मोजलेले आकडे त्याने वहीतल्या त्या रेघांशेजारी लिहावेत.