कुंडीतला नेचा बागेत लावला की करपतो; काय करावे?

नेचा दगावतो तो बहुधा गड्डा खोल पुरल्यामुळे किंवा मुळे सुकल्यामुळे. बोस्टन फर्न या नेच्याची नवी पाने, गोगलगाईच्या शंखासारखी गुंडाळलेली, ज्या गड्ड्यातून वर येतात तो मातीच्या पातळीलाच राहिला पाहिजे. त्यावर माती चढली की तो कुजतो. पावसाळा नीट सुरू झाल्यावर, उन्हे कलताना, मुळांभोवतीच्या मातीच्या गोळ्यासकट रोप हलवावे आणि कुजलेला पालापाचोळा भरपूर मिसळलेल्या, पाण्याचा निचरा होणाऱ्या सावलीच्या जागी लावावे. ताजे शेणखत मात्र मुळीच घालू नये, कारण त्याने बारीक मुळे भाजतात. जुनी पाने पिवळी पडली तरी रोप उपटण्याची घाई करू नका. गड्ड्यातून नवे पान उलगडेपर्यंत माती फक्त ओलसर ठेवावी.