विहीर तासभर चालते, मोसंबी जगवायची कशी?

अंबड आणि घनसावंगी तालुक्यांतील शेतकऱ्यांनी विचारलेले बहुतेक प्रश्न एकाच अडचणीचे आहेत. विहीर दिवसाकाठी जेमतेम तासभर चालते, मोसंबीवर फळे आहेत, तेव्हा नवे बोअर घ्यावे की टँकरचे पाणी विकत घालावे? काहींनी चाऱ्याविषयी, तर काहींनी विहीर गावासाठी अधिग्रहित झाली तर बागेचे काय, असेही विचारले आहे.

आधी हिशेब पाहू. एका एकरावर एक मिलिमीटर पाणी पसरायचे तर सुमारे 4,000 लिटर लागतात. म्हणजे मोकाट पद्धतीने पाच सेंटिमीटरची एकच पाळी द्यायची तरी दोन लाख लिटर, अर्थात 10,000 लिटरचे वीस टँकर रिते करावे लागतील. हे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून यंदा फळाचा मोह सोडून झाड जगवण्याचाच विचार करावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 2012-13 च्या दुष्काळात जालना जिल्ह्यातील कितीतरी बागा वाळून सरपणाला गेल्या, आणि नव्या लागवडीपासून चांगले उत्पादन हाती यायला पाच-सहा वर्षे लागतात, हे आपण जाणताच.

झाडावरची फळे उतरवावीत, नवा बहार धरू नये आणि वाळलेल्या व दाट फांद्यांची हलकी छाटणी करावी. छाटणीनंतर खोडावर ऊन येते. त्यासाठी 1 किलो मोरचूद, 1 किलो चुना आणि 10 लिटर पाणी यांची बोर्डो पेस्ट लावावी. ठिबकचे ड्रिपर बुंध्याशी न ठेवता फांद्यांच्या घेराच्या कडेला सरकवावेत, कारण पाणी शोषणारी मुळे बहुतांशी तिथेच असतात. पाणी रात्री किंवा पहाटे, आज एका बाजूने आणि पुढच्या पाळीला दुसऱ्या बाजूने द्यावे. त्यावर सोयाबीनचा भुसा, उसाचे पाचट, जे मिळेल त्याचे जाड आच्छादन करावे. मात्र ते खोडाला चिकटू देऊ नये. पानांतून उडणारे पाणी कमी करण्यासाठी 10 लिटर पाण्यात 800 ग्रॅम केओलिन, म्हणजे पांढऱ्या मातीची भुकटी, मिसळून फवारावे. लहान झाडांना बुडाशी छिद्र पाडून वात बसवलेली मडकी पुरणे हा जुना उपाय आजही चालतो. इतके करूनही पाणी पुरणार नसेल, तर जुनी व रोगट झाडे सोडून चांगल्या झाडांनाच पाणी द्यावे. निर्णय जड आहे, पण सगळ्यांना थोडे थोडे देऊन सगळी बाग गमावण्यापेक्षा तो बरा.

नव्या बोअरचा सल्ला मी देणार नाही. आपल्याकडचा काळा पाषाण पाणी धरतो ते भेगांत आणि मुरमाच्या थरात, त्यामुळे खोल बोअरला लागलेले पाणी पुष्कळदा शेजाऱ्याच्या विहिरीकडे जाणारेच असते. शिवाय पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक स्रोतापासून 500 मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर घेण्यास कायद्याने मज्जाव आहे.

चाऱ्यासाठी 100 किलो कडब्याच्या कुट्टीवर 4 किलो युरिया 50 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडावा, थर दाबून प्लॅस्टिकने हवाबंद करावेत आणि 21 दिवसांनी उघडावेत. उग्र वास उडून गेल्यावरच, आणि सुरुवातीला थोडे थोडे, खाऊ घालावे. सहा महिन्यांखालील वासरांना देऊ नये व युरियाचे पाणी जनावरांच्या तोंडी लागू देऊ नये.

राहिला अधिग्रहणाचा प्रश्न. पिण्याच्या पाण्याचा हक्क पहिला असल्याने टंचाईत प्रशासन खासगी विहीर ताब्यात घेऊ शकते आणि मालकाला त्याचा मोबदला मिळतो. तरीही नोटिशीची वाट न पाहता ज्याच्या विहिरीला पाणी आहे त्याने ग्रामसभेत बसून गावाला किती तास आणि बागेला किती, हे ठरवून घेतलेले चांगले. हिवरे बाजारमध्ये पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवली जातात आणि शेतीसाठी बोअर घेऊ दिले जात नाही. तो शिरस्ता पुढील हंगामासाठी आपणही उचलावा. तूर्त टँकरच्या पाळ्या लिहून ठेवाव्यात, दूरच्या वस्त्या आणि एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या घरी पाणी पोचवण्याचे काम तरुणांनी वाटून घ्यावे, जनावरांचा हौद वेगळा ठेवावा, आणि टँकर विहिरीत रिता झाला की गावच्या जलसुरक्षकाकडून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, टाकून घेतल्याशिवाय ते पाणी कोणी शेंदू नये.