आधी लॅपटॉप परत द्या

नमस्कार.

मुलगा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, एम-थ्रीला, म्हणजे गणिताच्या तिसऱ्या पेपरला, केटी, आणि हा पठ्ठ्या माउस काढून ठेवून काळ्या स्क्रीनवर ‘व्हिम’ नावाचा एडिटर, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं साधन, शिकत बसतो. ‘असलं जुनाट आता कोण वापरतं?’ असं क्लासच्या सरांनी म्हटल्यापासून तुम्ही रात्री दहाला लॅपटॉप कपाटात ठेवून कुलूप लावता. व्हिम शिकून फायदा आहे का, असं तुम्ही विचारलंय. मला मात्र काळजी वाटते ती त्या कुलपाची.

पत्रात पुतण्याचं पॅकेज वारंवार येतं. तुमचा मुलगा त्या एडिटरात नेमकं काय लिहितो, हे मात्र कुठेच नाही. विचारलंत का कधी? केटी लागल्यावर बाप चिडणारच. पण मार्क नाहीत, परीक्षा नाही, तरी जो पोरगा आपणहून किचकट गोष्ट शिकायला बसतो, त्याला तुम्ही ‘बेशिस्त’ म्हणता, हे मला पटत नाही. कुलपाने एम-थ्री सुटणार नाही. तो तुम्हाला काही सांगायचं बंद करेल, एवढंच होईल. कदाचित झालंही असेल.

आता त्या ‘जुनाट’बद्दल. बिल जॉय यांनी १९७६ साली बर्कलीला ‘व्हीआय’ लिहिला. त्यांच्या टर्मिनलवर, म्हणजे कॉम्प्युटरला जोडलेल्या स्क्रीन-कीबोर्डवर, बाणांच्या खुणा एच, जे, के, एल याच बटणांवर होत्या, म्हणून आजही कर्सर त्याच बटणांनी हलतो. ब्राम मोलेनार यांनी त्याचा सुधारित अवतार, व्हिम, १९९१ मध्ये आणला आणि २०२३ मध्ये वारले तोवर ते त्यावर काम करत होते. जुनं आहेच, पण मेलेलं नाही. दूरच्या लिनक्स सर्व्हरवर शिरलं की बहुतेक वेळा माउस नाही, खिडक्या नाहीत, समोर फक्त टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी स्क्रीन. तिथे एखादी फाइल दुरुस्त करायची तर व्हीआय किंवा व्हिम बहुधा हाताशी असतो. शिवाय त्याच्या आज्ञा एकमेकींना जोडता येतात: डी म्हणजे खोडा, डब्ल्यू म्हणजे शब्द, आणि ‘डीडब्ल्यू’ दाबलं की शब्द गेला. चार-सहा आज्ञा कळल्या की पुढच्या आपोआप सुचतात.

आता चिरंजीवांसाठी, हे त्यालाही वाचायला द्या. व्हिम येतो म्हणून कुणी नोकरी देत नाही. व्हीएस कोड हा माउसवर चालणारा एडिटर वापरणारे कच्चे असतात, हा सीनियर मुलांचा तोरा आहे. व्हिमची बटणं हवीच असतील तर त्यातही एक्स्टेन्शन टाकून मिळतात. आणि रात्रभर रंग आणि प्लगइन बदलत बसणं म्हणजे प्रोग्रॅमिंग नव्हे. गेल्या महिन्यात कोणता प्रोग्रॅम पुरा केलास, ते सांग. उत्तर नसेल, तर वडिलांचं निम्मं म्हणणं खरं आहे.

गेट, कॅम्पस की एमएस, ते तिसऱ्या वर्षी बघू. सध्या सकाळचा एक तास एम-थ्रीला, आणि तो तास कोणता हे त्याने ठरवायचं.

व्हिमसोबत ‘व्हिमट्यूटर’ नावाचा धडा येतो, साधारण अर्ध्या तासाचा. रविवारी मुलाशेजारी बसून तुम्हीच तो करून बघा. बाहेर पडायला एस्केप, मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. तरी अडलात, तर त्याला विचारा.