शेततळ्यात गिटारमासा? बी घेऊ नका, मीठ टाकू नका

प्रश्न (चिक्कोडी भाग): कारवारकडचा गिटारमासा शेततळ्यात वाढतो, बी (म्हणजे सोडायची पिल्लं) मीच देतो, असं दुकानदार सांगतो. तळ्यात दहा पोती मीठ टाकून एप्रिलमध्येच सोडा म्हणतो. करावं का?

उत्तर: नाही. निपाणीपासून खानापूरपर्यंत दुकानदाराच्या शब्दावर वाया गेलेली तळी मी बरीच पाहिली आहेत.

आधी मासा ओळखा. पुढून पाकट (चपटा, पसरट मासा), मागून मुशी (लहान शार्क), असा हा दिसतो. पण कल्ल्यांच्या पाच-पाच फटी पोटाकडच्या बाजूला असतात, म्हणून तो पाकटाच्या गोतातला. सांगाडा कूर्चेचा, काटा नाही. आपल्या किनाऱ्यावरच्या बोथट नाकाच्या जातीचं शास्त्रीय नाव ग्लॉकोस्टेगस ओब्ट्युसस. म्युलर आणि हेन्ले यांनी १८४१ मध्ये ती नोंदवली. लांबी जेमतेम मीटरभर. उथळ समुद्रात वाळूवर पडून खेकडे, कोळंबी खातो.

मुद्दा पुढेच आहे. रोहू-कटला लाखांनी अंडी घालतात, म्हणून त्यांचं बी तयार होतं. गिटारमाशाची मादी पिल्लांनाच जन्म देते, तीही मोजकी. मग दुकानदाराच्या पिशवीत हजार-हजार पिल्लं आली कुठून? मत्स्यालयाच्या दुकानात 'शार्क' म्हणून जो विकतात, तो पंगॅसिअस नावाचा गोड्या पाण्यातला मासा असतो. पैसे देण्याआधी पिल्लू उलटं करून पाहा. कल्ल्यावर झाकण दिसलं तर तो गिटारमासा नव्हेच.

आणि खरा गिटारमासा आणून तरी काय करणार? हे मासे इतके घटलेत की २०१९ मध्ये या कुळाच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले. त्याचाच जवळचा भाऊबंद ऱ्हिंकोबॅटस जिडेन्सिस आपल्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. तो पकडला तर गुन्हा.

आता मीठ. समुद्राच्या एका लिटरला साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. म्हणजे दहा लाख लिटरच्या तळ्याला ३५ टन मीठ लागेल! दहा पोत्यांनी समुद्र होत नाही, पण दरवर्षी तेच पाणी उसाला सोडलंत तर जमीन खारवते. कृष्णाकाठची खारवट रानं अथणी-रायबागकडे जाऊन पाहा, मग ठरवा. मीठ टाकू नका. दहा पोतीही नको, दोनही नको.

एप्रिलही चूक. पाणी आटतं, तापतं, बोटुकली (बोटाएवढी पिल्लं) मरते.

माझं ऐकाल तर रोहू, कटला, मृगळ एकत्र सोडा. पाऊस स्थिरावल्यावर, जुलै-ऑगस्टमध्ये, एकरी सुमारे २००० बोटुकली. दुकानदार दुप्पट सांगेल. दुप्पट सोडाल तर मासा बारीक राहील आणि पहाटे प्राणवायूअभावी वर येऊन तडफडेल. बी मत्स्य खात्याच्या केंद्रातूनच घ्या. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत सर्वसाधारण गटाला ४०, महिला व अनुसूचित जाती-जमातींना ६० टक्के अनुदान आहे. अर्ज तालुक्याच्या मत्स्य कार्यालयात, तळं खोदण्याआधी.

मीठ आधीच टाकलं असेल तर ते पाणी उसाला सोडू नका. बाटलीभर नमुना तपासायला द्या, निकाल आल्यावरच पुढचं बोलू.