डेबिट नोट नंतर बघू, फोटोची तारीख आधी सांगा

सांगलीजवळच्या कुपवाड एमआयडीसीत अ‍ॅनोडायझिंगचं (ॲसिडच्या बाथमध्ये वीज सोडून ॲल्युमिनियमवर ऑक्साइडचा थर चढवण्याचं) जॉबवर्क करणाऱ्या एका वाचकांचं हे पत्र. अशी पत्रं सतत येतात. कधी पावडर कोटिंगवाले लिहितात, कधी प्लेटिंगवाले. गाव कधी मिरज, कधी पलूस, कधी सातारा. पार्टी बदलते, रड तीच. हकिकत थोडक्यात अशी. पुण्याकडची एक कंपनी रस्त्यावरच्या एलईडी दिव्यांसाठी ॲल्युमिनियमच्या प्रेशर डायकास्ट बॉड्या पाठवते आणि हे त्यांना काळं अ‍ॅनोडायझिंग करून परत देतात. ऑगस्ट ते ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन लॉट गेले. मजुरीचं बिल ४ लाख ८६ हजार, त्यातला एक रुपया आलेला नाही. जून २०२५ मध्ये ईमेल आला की कोकणात बसवलेल्या दिव्यांवर पांढरी भुकटी धरली, खड्डे पडले, सबब बिल रद्द आणि वर बदलीच्या खर्चाची डेबिट नोट, म्हणजे तो खर्च यांच्याच नावे टाकल्याचा कागद. वाचक विचारतात, "माझं कोटिंग चांगलं होतं हे आता मी सिद्ध कसं करू? आणि त्यांच्या तीनशे बॉड्या माझ्या शेडमध्ये पडून आहेत, त्या दाबून ठेवू का?"

पैसे बुडवणारी पार्टी नालायक आहे वगैरे आपण धरून चालू. तुमचा पहिला प्रश्न मात्र आज तुमचा नाहीच. तुमच्या पत्राच्या तिसऱ्या पानावर, जाता जाता, एक वाक्य आहे: "त्यांच्या क्वालिटीच्या माणसाने एकदा आमच्या सुपरवायझरच्या मोबाइलवर डागांचा फोटो टाकला होता." कधी टाकला होता? कुठल्या लॉटचा? फोटोखाली काही लिहिलं होतं का? चार पानांच्या पत्रात बाथचं तापमान आहे, ॲसिडचा भाव आहे, पार्टीच्या मालकाच्या नव्या गाडीचा रंगसुद्धा आहे. ही एक तारीख तेवढी नाही, आणि तुमचा दावा त्या तारखेवर उभा आहे.

कारण सांगतो. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उपक्रम विकास कायदा, २००६ च्या कलम २(ब) मध्ये स्वीकृतीचा दिवस कोणता ते ठरवून दिलं आहे. माल पोचल्यापासून किंवा सेवा दिल्यापासून पंधरा दिवसांच्या आत घेणाऱ्याने लेखी हरकत घेतली नाही, तर पोचल्याच्या दिवशीच त्याने ते काम स्वीकारलं असं कायदा मानतो. फोनवर आरडाओरडा केला, गेटवर तोंड वाकडं केलं, हे लेखी नव्हे. पंधरा दिवसांत लेखी हरकत आली असेल तर मात्र तुम्ही ती हरकत दूर कराल तो दिवस स्वीकृतीचा, आणि तुम्ही ती दूर केलीच नसेल तर घड्याळ सुरूच झालेलं नाही. पैसे देण्याची मुदत या दिवसापासून मोजतात. करार नसेल तर पंधरा दिवस, करार असेल तर तो म्हणेल तितके, पण कलम १५ प्रमाणे जास्तीत जास्त पंचेचाळीस. तुमच्या पीओवर (पर्चेस ऑर्डरवर) "९० दिवस" छापलंय, त्यातल्या पंचेचाळीसच्या पुढच्या दिवसांना अर्थ नाही.

म्हणजे फोटो जूनच्या आसपासचा असेल तर तिन्ही लॉट २०२४ मध्येच स्वीकारले गेले, पैसे त्याच वर्षी देणं झाले आणि कलम १६ चं व्याज तेव्हापासून चालू आहे. हे व्याज साधं नाही. रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, दर महिन्याला चक्रवाढ. तुमचे पैसे थकले त्या वेळी बँक रेट पावणेसात टक्के होता, म्हणजे वर्षाला सव्वावीस टक्के. फेब्रुवारी २०२५ पासून रेट उतरत गेला, तसा हिशोब टप्प्याटप्प्याने करावा लागेल. पण फोटो ऑक्टोबरच्या लॉटनंतर आठवड्याभरात आलेला असेल आणि खाली "लॉट रिजेक्ट" असं दोन शब्दांत जरी लिहिलेलं असेल, तर व्हॉट्सअ‍ॅपवरचा मजकूरही लेखीच धरला जातो आणि तो लॉट तुमच्या हिशोबातून तूर्त बाजूला पडतो. नुसता फोटो, शब्द एकही नाही, असं असेल तर वाद घालता येईल. कोण जिंकेल हे मी आज सांगणार नाही.

तेव्हा आजच्या आज सुपरवायझरला गाठा. तो नोकरी सोडून गेला असेल तर घरी जा. फोन फॉरमॅट करू नका, चॅट पुसू नका, स्क्रीनशॉट काढून मूळ चॅट डिलीट करण्याचा शहाणपणा तर मुळीच नको. भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्याबरोबर प्रमाणपत्र द्यावं लागतं आणि तो फोन ज्याच्या ताब्यात आहे त्याच्याशिवाय ते होत नाही. फोटो तुमच्या विरुद्ध जाणारा असला तरी मला तो आधी बघायचा आहे. समोरच्याच्या वकिलाकडून तो पहिल्यांदा बघण्याची मला हौस नाही.

आता पोच. पंधरा दिवस मोजायचे तर माल पोचल्याचा दिवस हातात हवा. तुम्ही लिहिता, पहिल्या चलनावर त्यांच्या स्टोअरचा शिक्का आहे, बाकी दोन चलनांच्या पोचपावत्या "टेम्पोवाल्याकडेच राहिल्या". २०१९ च्या महापुरात ज्यांचे कागद भिजून लगदा झाले त्यांची गोष्ट मी समजू शकतो. तुमचा कागद टेम्पोच्या डॅशबोर्डवर फडफडत होता आणि तुम्ही पुढचं जिग भरत होतात. असो. टेम्पोवाल्याला विचारा. ई-वे बिल (माल वाहतुकीचा जीएसटीचा ऑनलाइन कागद) केलं असेल तर ते शोधून काढा. जीएसटी पोर्टलवर तुमची बिलं दिसत असणार, आणि पार्टीने त्यांवर क्रेडिट (भरलेल्या जीएसटीची वजावट) घेतलं असेल तर "माल मिळालाच नाही" किंवा "काम घेतलंच नाही" म्हणायला तिला तोंड उरत नाही.

जाता जाता, या क्रेडिटचंच एक टोक तुमच्या हातात आहे. बिलाच्या तारखेपासून १८० दिवसांत पैसे दिले नाहीत तर घेतलेलं क्रेडिट व्याजासह परत करावं लागतं. आयकरातही कलम ४३ब(एच) आल्यापासून, म्हणजे आकारणी वर्ष २०२४-२५ पासून, सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे मुदतीत न दिलेले पैसे प्रत्यक्ष दिल्याशिवाय खर्चात धरता येत नाहीत. पार्टीच्या मालकाला तुमच्या पत्राचं काही वाटणार नाही, पण त्यांच्या सीएला या दोन वाक्यांचं वाटेल. नोटिशीत ही दोन वाक्यं घालायची, धमकीचा सूर न लावता. आणि तुमच्याकडून, काहीही झालं तरी, जीएसटीची क्रेडिट नोट निघता कामा नये. त्यांचा अकाउंटंट "फक्त एंट्री जुळवायला" म्हणून मागेल. ती दिलीत की बिल कमी झाल्याचं तुम्हीच लिहून दिलंत.

लिहून देण्याचा विषय निघालाच आहे. जुलै २०२५ मध्ये तुम्ही पार्टीला मेसेज केलात, "साहेब, पुढच्या लॉटमध्ये ॲडजस्ट करून देतो." कशाला? गिऱ्हाईक तुटू नये म्हणून, हे मला कळतं. पण लवादापुढे हे वाक्य "चूक आमची" असंच वाचलं जाईल. आणि कामाच्या आधी जे लिहायला हवं होतं ते तुम्ही फोनवर बोललात. "हा एडीसी-१२ (डायकास्टिंगचा ॲल्युमिनियम मिश्रधातू) आहे, यावर अ‍ॅनोडायझिंग नीट बसत नाही, असं मी त्यांना तेव्हाच सांगितलं होतं." सांगितलं होतं, बरोबर. कुठे आहे ते?

ही गोष्ट मोलाची आहे म्हणून जरा थांबतो. पंधरा दिवसांच्या कलमाने पैसे कधी देणं झाले ते ठरतं. कोटिंगमध्ये दोष नव्हताच असं त्याने ठरत नाही. पांढरी भुकटी पंधरा दिवसांत दिसत नाही, हे पार्टीचा वकील म्हणेल आणि ते खरं आहे. सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या २०२१ च्या निकालात म्हटलंय की या कायद्याखालच्या लवादात समोरच्याला प्रतिदावा करता येतो. तेव्हा दोषाचं भांडण येणारच, आणि तिथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा बरी आहे. एडीसी-१२ मध्ये सिलिकॉन साधारण साडेनऊ ते बारा टक्के आणि तांबं दीड ते साडेतीन टक्के असतं. सल्फ्युरिक बाथमध्ये ॲल्युमिनियमचं ऑक्साइड होतं, पण सिलिकॉनचे कण तसेच थरात अडकून राहतात आणि थर खंडित, करडा, कुठे जाड कुठे पातळ येतो. तांब्याचे कण असतील तिथे पोकळ्या राहतात. सीलिंग (थराची छिद्रं बंद करणं) कितीही नीट केलं तरी खारी हवा अशाच जागा शोधते, क्लोराइड आत शिरतं आणि खड्डा खोल जातो. त्यात बॉडीला स्टीलचे बोल्ट थेट आवळले असतील, मध्ये नायलॉनचा वॉशर नसेल, तर दोन धातूंच्या सांध्यावर गंज आणखी जोरात. धातू त्यांनी निवडला, कास्टिंग त्यांचं, ड्रॉइंग त्यांचं, बोल्ट त्यांचे. तुमचं काम पीओत लिहिलेला थर देण्याचं.

पीओत काय लिहिलंय? तुम्ही पाठवलेल्या फोटोत "ब्लॅक अ‍ॅनोडाइज, १५ मायक्रॉन" एवढं दिसतं. त्याच्या जोरावर तुम्ही टक्कर देऊ शकता. पाठवण्याआधी गेजने मोजलेले आकडे वहीत असतील, निदान प्रत्येक लॉटचे पाच-दहा, तर ती वही सोन्याची. पण कागदाची मागची बाजू तुम्ही पाठवलीच नाहीत. बारीक अक्षरात सॉल्ट स्प्रेचे तास, दोन वर्षांची हमी, बदलीचा सगळा खर्च जॉबवर्करवर, असलं काही तिथे असतं. २४० तास लिहिलं असेल तर तेवढी चाचणी तुम्ही केली होती का, हा सरळ प्रश्न येईल. तिथेही एक गोष्ट लक्षात असू द्या. ती चाचणी म्हणजे ३५ अंश तापमानाला पाच टक्के मिठाच्या पाण्याचा सतत फवारा. तिचे तास आणि कोकणातली वर्षं यांचं ठरलेलं गणित नसतं. रत्नागिरीत खराब झालं म्हणून चाचणीत नापास झालं असतं, असं म्हणता येत नाही. त्यांनी खराब बॉड्या राखून ठेवल्यात का, धातूचा रासायनिक रिपोर्ट त्यांच्याकडे आहे का, हे नोटिशीतच विचारायचं. बहुतेक वेळा बॉड्या भंगारात गेलेल्या असतात आणि मागे उरतात ते फोटो. बदलीच्या खर्चाचं म्हणाल, तर क्रेन आणि मजुरीपर्यंतची नुकसानी करार कायद्याच्या कलम ७३ मध्ये बसते का, हे मागची बाजू वाचल्याशिवाय मी बोलणार नाही.

कुठे जायचं? सांगलीत विजयनगरच्या कोर्टात जाता येतं, पण तीन लाखांच्या वरचा व्यापारी वाद, म्हणजे आधी मध्यस्थी, मग दावा, मग तारखा. तुमचं उद्यम प्रमाणपत्र (लघुउद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) २०२१ चं आहे, पहिल्या पीओच्या आधीचं. त्यामुळे नोंदणी आधीची की नंतरची या वादात तुम्हाला पडायचं नाही. तुम्ही सूक्ष्म व लघु उपक्रम सुलभीकरण परिषदेकडे ऑनलाइन अर्ज करा. पुरवठादार जिथला, तिथल्या परिषदेला अधिकार असतो, पार्टी कुठलीही असो. पीओमध्ये "लवाद फक्त पुण्यात" असं कलम असलं तरी २०२२ च्या महाकाली फूड्स निकालानंतर ते आड येत नाही. आधी समेट, तो फसला तर लवाद. कायदा म्हणतो नव्वद दिवसांत निकाल. ते नव्वद दिवस मी अजून पाहिलेले नाहीत, तुम्हीही त्या भरवशावर कर्ज काढू नका. पण निवाडा तुमच्या बाजूने लागला तर त्याला आव्हान देताना पार्टीला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते, आणि खरी तडजोड बहुधा तिथे सुरू होते. लवादाला मुदतीचा कायदा लागतो. ऑगस्ट २०२४ च्या चलनापासून तीन वर्षं धरा, म्हणजे ऑगस्ट २०२७. त्याच्या आधी अर्ज आत गेलेला हवा. "साहेब म्हणाले दिवाळीनंतर बघू" यावर आणखी एक दिवाळी घालवू नका.

शेडमधल्या तीनशे बॉड्यांचं. करार कायद्याचं कलम १७० तुम्हाला माल अडवून ठेवायचा हक्क देतं, पण ज्या मालावर तुम्ही काम केलंत त्याच मालाच्या मजुरीपुरता. जुन्या तीन लॉटच्या पैशांसाठी नवा, हातही न लावलेला माल अडवता येत नाही. अडवलात तर उद्या ते विश्वासघाताची फिर्याद घेऊन पोलिसांत जातील आणि तुम्ही फिर्यादीचे आरोपी होऊन बसाल. तुमच्या पत्रावरून दिसतं की त्यातल्या साठेक बॉड्यांचं काम झालेलं आहे. त्या वेगळ्या काढा, त्यांचं बिल आजच बनवा, आणि पैसे आल्यावर माल देऊ असं ईमेलने कळवा. उरलेल्या कोऱ्या बॉड्या मोजून, फोटो काढून, चलनावर परत पाठवा. या खेपेला टेम्पोवाल्याला सांगून ठेवा, स्टोअरचा शिक्का आणि तारीख चलनावर पडल्याशिवाय गाडी गेटबाहेर काढायची नाही.